कूलरच्या कांडीखालचा दिवा

येरमाळ्याजवळच्या आमच्या दूध डेअरीत म्या दूध गार ठिवायची टाकी, म्हंजे कूलर, सांभाळतो. शाळेचं तोंड बघितलं न्हाय, पन आकडे येतेत. त्यातबी चारचा आकडा लई झकास काढतो, कारन दूध चार डिगरीवर ठिवायचं असतं आन् तासातासाला काटा बघून वहीत लिहायचं असतं. म्या सकाळीच संध्याकाळपातूरचे सगळे चार काढून मोकळा व्हायचो.

मंग डेअरीच्या सायबांनी टाकीवर एक डबा बसवला. त्याच्या वायरीच्या टोकाला बोटाएवढी कांडी, ती टाकीला चिकटवलेली. म्हनले, "ही कांडी दूध किती गार हाय ते सांगती." कुनाला सांगती, हे इचारायचं मला सुचलंच न्हाय.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला आराम आन् पूजा. म्या पहाटंच कूलरचं बटन बंद केलं. मापं, कॅन धुतले, हार घातले. नव्या डब्याचा मान मोठा, म्हनून बरोब्बर कांडीखाली स्टूल मांडून दिवा लावला. हात जोडतोय तवर फोन वाजला.

"काका, पुण्याच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या टाकीतलं दूध बेचाळीस डिग्री दाखवतंय!"

 आधी छताकडं बघितलं, मंग दाराबाहेर. कुनीच न्हाय.

"बाईसाहेब, तुमी हायात कुठं?"

"पुण्यात."

"मंग दिसतंय कसं?"

"तो डबा आकडा इकडं पाठवतो, काका. माझ्या कॉम्प्युटरचा पडदा लाल झालाय. तुमचा टँकर मी थांबवलाय."

टँकर थांबला म्हंजे अख्ख्या गावाचं दूध नासनार. आमच्या दोन म्हशींचंबी त्यातच. बायको पूजेचं ताट घेऊन ऐकत होती.

"अवो, पुतळ्यावानी काय उभारलाव? दिवा काढा की आधी!"

काढला. बोट भाजलं, तेल समदं पायजम्यावर.

पुण्याचा निरोप मिळून अर्ध्या तासात साहेब मोटरसायकलवर आले. झाकन उघडून थर्मामीटर दुधात बुडवला. 

"सात," साहेब म्हनले. "कूलर बंद कुनी केला?"

"आज आराम असतो त्याला."

सायबांनी कपाळाला हात लावला, बटन चालू केलं आन् वही उघडली. दुपारी तीनला चार, चारला चार, पाचला चार, सहाला चार. घड्याळात आजून दहाबी वाजले न्हवते.

"मामा, संध्याकाळचं दूध तुमी कधी बघून आलाव?"

बायको पदर तोंडाला लावून हसली. 

"त्या दिव्यानं कांडी तापून फोन आला म्हनून येळंत कळलं," साहेब म्हनले. "न्हायतर तुमच्या वहीत चार आन् टाकीत दही झालं असतं."

हे ऐकून म्या खालीच बसलो. गावाला काय तोंड दावलं असतं?

सायबांनी पुण्याला फोन लावला, दूध परत गार झाल्यावर टँकर सुटला. जाताना वही काखंत मारून नेली. आता डबाच लिहितो. तो नुस्ता आकडाच पाठवतो, हे धा जनांनी सांगितलंय. तरी त्याच्याम्होरं जाताना म्या टोपी सारखी करतो.