पहिली बादली खड्ड्याला

त्या दिवशी आमच्याकडं नळाला पाणी आलं होतं. शहराच्या ह्या गारखेडा भागात पाणी येण्याचा दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पाच-सहा दिवसांनी एकदा नळ सुटतो आणि तास-दीड तासात टाकी, ड्रम, हंडे, जे जे म्हणून घरात भांडं आहे ते भरून घ्यायचं असतं. मी नेहमीप्रमाणं पहिली बादली भरून अंगणातल्या अर्थिंगच्या, म्हणजे घरात कुठं उतरलेला करंट जमिनीत सोडणाऱ्या, खड्ड्याकडं निघाले होते, तेवढ्यात फोन वाजला. मामेभाऊ सुभाषचा होता. "सुमनताई, बाबा गेले... चहा घेतला, पेपर मागितला, अन् गेले." मी फोन कट्ट्यावर ठेवला, बादली खड्ड्यात ओतली आणि मग पायरीवर बसले. शेजारीण नंतर म्हणालीच, की बाई, अशी बातमी कळल्यावर आधी बादली ओतलीस? हो, ओतली. मामांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

रंगनाथमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. गाव देवगाव रंगारी. पोलीस ॲक्शन झालं तेव्हा ते पाळण्यात होते. निजाम गेला, पण गावात विजेचा खांब यायला पुढं बरीच वर्षं लागली, आणि तो खांब रोवताना बघायला गेलेला हा मुलगा शाळेत परत गेलाच नाही, असं आजी सांगायची. पुढं शहरात येऊन त्यांनी आधी तारतंत्र्याचा, म्हणजे वायरमनचा, परवाना काढला, मग ठेकेदाराचा. घरात नवीन वायरिंग झालं की परवानाधारक ठेकेदारानं ते तपासायचं आणि 'टेस्ट रिपोर्ट' नावाच्या कागदावर सही करायची. ती सही असल्याशिवाय मीटर मिळत नाही. बाजारात ही सही घर न बघताही मिळायची, अजूनही मिळत असेल. मामांची मात्र कधी मिळाली नाही. लोक त्यांना विचारायचे, एवढं कडक वागता, तुमच्या घरातलं कोणी शॉकनं गेलं का हो? मामा म्हणायचे, "नाय. जाऊ नये म्हणून तर."

आता माझा पराक्रम सांगते. गारखेड्यात आमचं घर बांधून होत आलं तेव्हा मी तिशीत होते, शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि विजेचा धडा माझ्याइतका चांगला अख्ख्या तालुक्यात कोणी शिकवत नाही अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हा पाइप ठोकण्यापासून बोर्ड बसवण्यापर्यंत सगळं वायरिंग मी स्वतः केलं. शाळेतून आले की साडीचा पदर खोचून शिडीवर. आमच्या ह्यांचं काम काय, तर खाली उभं राहून शिडी धरायची आणि गल्लीतल्या बायका काय म्हणतात ते वर मला कळवायचं. काम झालं ते असं सुबक झालं होतं, की मी रात्री-बेरात्री नाही, पण दिवसातून चार वेळा तरी उगाच बोर्डाचं झाकण उघडून बघायची. वास्तुशांतीची तिथी धरली, लासूर स्टेशनपासून देवगावपर्यंत सगळ्यांना निरोप गेले आणि मी मामांकडं सहीला गेले. घरचाच माणूस, म्हटलं, तिथल्या तिथं होईल.

मामांनी एकच विचारलं, "वायरिंग कोण केलं?" मी केलं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. नाय म्हणाले. मी चिडले. घर माझं, तार माझी, हात माझे, मग अडचण काय? त्यावर मामांनी कायदा सांगितला, तोही चहा बशीत ओतून घेत, सावकाश. दिवा गेला तर बदल, फ्यूज उडाला तर घाल, बटण बिघडलं तर नवं बसव, पंखा काढून दुसरा लाव, तेवढं घरमालकानं केलं तर कोणी अडवत नाय. पण नवी तार ओढायची, नवा पॉइंट काढायचा, मेन बोर्ड बसवायचा, तर परवाना असलेला माणूसच पाहिजे, मग घर तुझ्या मालकीचं असो नायतर तुझ्या बापाच्या. मी म्हटलं, स्वतःच्या घरात शॉक लागला तर मलाच लागेल ना, कायद्याचं काय जातंय? तेव्हा मात्र ते जरा आवाज चढवून बोलले. "घर तुझं हाय माय, करंट तुझा नाय. भांडेवाली येती, पाहुणा येतो, शेजारचं लेकरू नळाला हात लावतं. त्यांनी काय तुझं पुस्तक वाचलंय?"

मी तणतणत घरी आले. आई तर त्यांच्याकडं जाऊन रडली. माझ्या लेकीच्या घरात उजेड पडायला दादा तुझी सही लागते, अन् तूच हात आखडतोस? बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मामांना बघवायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते उठून अंगणात गेले म्हणे, पण सही केली नाही. मग मी काय केलं ते आज पहिल्यांदाच लिहितेय... बाजारातल्या एका दुकानात गेले. तिथं एक जण घर न बघता, पत्ता न विचारता सही-शिक्का मारून फॉर्म द्यायचा. तो घेतला आणि पर्समध्ये ठेवला. वास्तुशांतीच्या आधी मीटर येणार नव्हतंच, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो वीज कचेरीत देऊन टाकायचा असं मनाशी ठरवलं होतं. मामांना कळेल तेव्हा कळेल.

वास्तुशांतीला मामा येतील की नाही यावर घरात पैजा लागल्या होत्या. ते आले ते रिक्षात तीन पेट्रोमॅक्स बत्त्या घेऊन, त्याही देवगावहून मागवलेल्या. दिवस मावळायला त्यांनी स्वतः बत्त्यांना हवा भरली, मँटल बांधले, एक माजघरात, एक अंगणात, एक पंगतीवर टांगली. पंगत उठेपर्यंत मामा त्या बत्त्यांभोवतीच होते. जरा उजेड कमी झाला की उठून पंप मारायचे. पाहुणे मला विचारायचे, वायरिंग तर दिसतंय, मग लाइट का नाही? मी वाढायला पुढं सरकायची. लासूरच्या आत्याबाईंनी खोचून विचारलंच, की रंगनाथ, तुझ्यासारखा मामा असून भाचीच्या घरात बत्त्या? मामा म्हणाले, बत्तीचा उजेड काही कमी नाय, पोळी दिसतीय ना ताटात?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म घेऊन निघायच्या बेतात होते, तर मामा दारात. हातात लाकडी पेटी. त्या पेटीत अर्थिंग मोजायचं यंत्र असायचं, बाजूला दांडा, वर काटा. म्हणाले, सही करायला नाय आलो, बघायला आलोय. त्यांनी एकेक बोर्ड उघडला, तारा ओढून बघितल्या. मग विचारलं, "अर्थिंग कुठं दिलं?" मी अभिमानानं न्हाणीघरातला नळ दाखवला. लोखंडी पाइप, जमिनीखालून गेलेला, त्याला पट्टी आवळून मी अर्थची तार बांधली होती. तेव्हा निम्मी वस्ती हेच करायची. मामा म्हणाले, "पाइप पुढं कुठं जातो?" रस्त्याकडं, म्हटलं. "तू बघितलंस?"

नव्हतं बघितलं. त्यांनी अंगणात दोन सळया ठोकल्या, तारा जोडल्या आणि दांडा फिरवायला लावला तो मलाच. काटा जो गेला तो पार टोकाला जाऊन पडला, म्हणजे करंटाला जमिनीत जायला वाटच नव्हती. मग कुदळ घेतली आणि कुंपणापाशी दीड हात खोदलं, तर माझा लोखंडी पाइप तिथं संपत होता आणि पुढं काळा प्लॅस्टिकचा पाइप. प्लंबरनं जोडला होता आणि मला सांगायचं त्याला काही कारण नव्हतं. म्हणजे घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंची अर्थची तार मी एका अशा नळाला बांधली होती, की ज्याचा जमिनीशी धड संबंधच नव्हता. कशातही करंट उतरला असता, तर तो जमिनीत न जाता त्या नळात येऊन बसला असता. माझी लेक तेव्हा दीड वर्षाची होती. त्याच नळाखाली हात धरून बसायचं हा तिचा लाडका खेळ होता.

मामा कुदळीची माती झटकत होते. मी आत गेले, पर्समधला फॉर्म काढला आणि त्यांच्या पुढ्यात आणून फाडला. त्यांनी तुकड्यांवरचा शिक्का ओळखला असणार, कारण ओठ घट्ट मिटले. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण ते उठले, परत एकदा माझ्या मेन बोर्डापाशी गेले, झाकण उघडून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हात लई चांगला हाय तुझा. माझ्या दोन माणसांपेक्षा बरा. कागद नाय एवढंच. तर कागद काढ."

तो खड्डा मग त्यांनी स्वतः उभं राहून खोदवला. कमरेइतकं खाली गेलं की मुरूम लागला, दोन गडी घामाघूम झाले, पण मामांनी पूर्ण खोली गाठल्याशिवाय सोडलं नाही. मधोमध पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर नरसाळं, त्यावर फरशी. त्यांच्या परवानाधारक माणसानं माझं सगळं काम नव्यानं तपासलं, मगच मामांनी सही केली आणि पंधरा दिवसांनी मीटर आलं. जाताना मला ताकीद दिली, की दर पाण्याला पहिली बादली ह्या खड्ड्याला. "तहानलेली जमीन करंट गिळत नाय." काटा जितका खाली तितकं अर्थिंग चांगलं; नियमानं पाच ओहमपर्यंत चालतंय, म्हणाले, पण आपल्या घरात काटा दोनच्या आत पाहिजे.

मी कागद काढला. सुट्टीच्या दिवशी मामांच्या हाताखाली जायचे, सिमेंटच्या धुळीत, लोकांच्या घरांत. काही घरमालक मला बघून मामांना म्हणायचे, मास्तरीणबाईंना कशाला आणलं? मामा म्हणायचे, तुमच्या घराची काळजी असलेलं माणूस आणलंय. परीक्षेला गेले तर दारावरच्या शिपायानं विचारलं, कुणाचा फॉर्म द्यायला आलात? माझाच, म्हटलं. तोंडी परीक्षेत साहेबांनी अर्थिंगचाच प्रश्न विचारला आणि मी उत्तर देताना स्वतःच्या नळाची गोष्ट सांगून टाकली. साहेब हसले आणि त्यांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. परवाना आला त्या दिवशी मामांनी त्याची प्रत काचेत मढवून आपल्या बैठकीत, स्वतःच्या परवान्याशेजारी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "माझी भाची." दुसरं काही सांगायचे नाहीत.

पुढं आम्ही वरचा मजला चढवला. त्याच्या टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराच्या जागी मामांची सही आहे आणि काम करणाऱ्या तारतंत्र्याच्या रकान्यात माझं नाव, माझा परवाना क्रमांक. मामांनी पेन माझ्या हातात देताना म्हटलं होतं, आता घर तुझं, तार तुझी, अन् जबाबदारीबी तुझी. त्या कागदाची प्रत मी दागिन्यांच्या डब्यात ठेवलीय. लेक हसते. हसू दे. शाळेनं मला दोन वेळा आदर्श शिक्षिका केलं, ती प्रशस्तिपत्रकं कुठं आहेत हे मला आठवत नाही.

मामींचं आणि त्या खड्ड्याचं मात्र कधी पटलं नाही. मामांच्या घरी, शहराच्या जुन्या भागात, अंगण हातभर आणि त्यातला निम्मा खड्डा. तिकडंही पाण्याची तीच बोंब. मामा पहिली बादली खड्ड्यात ओतायला निघाले की मामी ओट्यावरून सुरू व्हायच्या. माणसाला प्यायला पाणी नाय अन् ह्यांचा खड्डा पितोय! मामा ऐकून घ्यायचे आणि ओतायचे. चाळीस वर्षं हे भांडण दर पाण्याला झालं, आणि दर वेळी खड्डा जिंकला.

तेराव्याला सगळे जमले होते. मंडपवाला पंख्यांसाठी खिडकीतून तार काढायला लागला तर सुभाषनं त्याला आधी परवाना विचारला. माणसं हसली, पण त्या हसण्यात मान होता. बैठकीत मामांच्या फोटोशेजारी आमचे दोन परवाने तसेच होते. सुभाषनं ती लाकडी पेटी माझ्यासमोर आणून ठेवली. बाबांनी सांगून ठेवलं होतं, ही ताईची.

आणि नेमकं त्याच वेळी नळाला पाणी आलं. घरात पन्नास पाहुणे, पंगत मांडायची, भांडी रिकामी. सुना हंडे घेऊन धावल्या. मामींनी त्यांना हातानं थांबवलं, स्वतः बादली लावली, भरली, आणि वाकत-वाकत अंगणात नेऊन खड्ड्यात ओतली. मी पुढं झाले तर मला हात लावू दिला नाही. मग रिकामी बादली बाजूला ठेवून म्हणाल्या, "मोज."

मी पेटी उघडली. सळया ठोकल्या, तारा जोडल्या, दांडा फिरवला. मामी चष्मा नसताना काट्याकडं डोळे बारीक करून बघत होत्या. काटा थरथरला आणि स्थिर झाला. पावणेदोन, मी सांगितलं.

"दोनच्या आत हाय," मामी म्हणाल्या. पदरानं हात पुसले, आणि मग सुनांना हाक मारली, की आता भरा पाहुण्यांचं पाणी.