दादा पोचेपर्यंतचा केर

कोणी गावाला निघालं की ते माणूस पोचेपर्यंत घरात झाडू फिरवायचा नाही, हा मायचा नियम होता. अकोल्याला गेलेल्यासाठी दुपारपर्यंत थांबायचं, मुंबईला गेलेल्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत. दादा शिकायला लंडनला निघाला, तोही विमानानं, तेव्हा हिशेब अडला.

अमरावतीबाहेर आमचा भाजीचा मळा होता. कांदे ओसरीत निवडले जात. दादा रविवारी घरून निघाला आणि मंगळवारपर्यंत कांद्याची सालं घरभर झाली. गुरुवारी अकोल्याहून मला पाहायला पाहुणे येणार होते. हे स्थळ मला हवं होतं. ते लोक लग्नानंतर मॅट्रिकला बसू देणार होते.

मी शाळेचा नकाशा काढला. मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला आणि खालच्या मापावर धरला. साडेचार हजार मैल भरले. विमान तासाला अडीचशे मैल जातं, असं दादा सांगून गेला होता. म्हणजे अठरा तास. मंगळवारी सकाळी मुंबईहून उडालेला दादा बुधवार उजाडायच्या आत पोचला. बाबांना हिशेब पटला. बुधवारी सकाळी मी घर लख्ख झाडलं.

दुपारी दादाची तार आली. टपालवाल्यानंच वाचून दाखवली. आदल्या रात्री कराचीत मुक्काम, सकाळी पुढे निघणार.

माय म्हणाली, "पाशिंजर मूर्तिजापूरले थांबते, अन् इमान काहून थांबनार नाही?"

माझ्या दोऱ्यावर थांबे नव्हते. मायनं झाडू धान्याच्या कोठीत टाकून वर झाकण ठेवलं. सालं हातानं वेचायलाही तिनं मनाई केली. त्या संध्याकाळी बाजाराचे कांदे निवडायचे होतेच.

गुरुवारी पाहुणे आले. मुलाच्या आईचा पाय ओसरीत पडला तो सालांवरच. मी दाराआड पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. मॅट्रिक गेलं, असं मनाशी म्हटलं. बाईंनी खाली पाहिलं, मग मायकडे.

"कोन गेलं गावाले?"

मायनं सांगितलं. लेक, विमानानं, अजून वाटेत आहे.

बाई सतरंजीवर बसल्या. त्यांचे यजमान धोतराला चिकटलेलं साल काढू लागले, तर त्यांना म्हणाल्या, "झटकू नका. पोरगं पोचाचं हाये."

पोचल्याची तार शनिवारी आली. होकार त्याच्या आदल्या दिवशी आला होता. मायनं झाडू माझ्या हातात दिला आणि पाणी भरायला गेली. कोठीवर पहारा ठेवून बसलेली ती चार दिवसांत पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडत होती.

त्या बाई पुढे वीस वर्षं माझ्या सासूबाई होत्या. मॅट्रिकच्या परीक्षेला त्याच मला सोडायला आल्या. आता त्याही नाहीत, मायही नाही.

परवा माझा मुलगा लंडनला गेला. सून म्हणाली, दहा तासांत पोचतील. मी विचारलं, वाटेत कुठे थांबतं? तिला ठाऊक नव्हतं. तिनं उचललेला झाडू परत कोपऱ्यात ठेवला.