हत्ती पाडणारे धडामकाका

धडामकाकांइतका भित्रा माणूस अख्ख्या स्टुडिओत नव्हता, आणि गंमत बघा, हत्ती पाडायचं काम नेमकं त्यांच्याकडेच होतं.

खरे हत्ती नव्हेत हो. त्या स्टुडिओत जंगलातल्या प्राण्यांची छोटी छोटी कार्टून बनायची, आणि त्यातल्या पडापडीचे, आदळआपटीचे आवाज काका काढायचे. सिंहाच्या टाळक्यात नारळ पडला की दोन लाकडी वाडगे एकमेकांवर आपटायचे. मगरीचा जबडा म्हणजे एक जुनी सुटकेस, तिचं झाकण खाडकन मिटलं की झालं. माकडाने सिंहाची शेपटी ताणली की सायकलची ट्यूब ओढायची. हत्ती पडला की पत्र्याचा मोठा टब. आणि हात चालले की काकांचं तोंडही आपोआप चालायचं. कण्हणं, विव्हळणं, "मेलो रे मेलो!" सगळं चित्राच्या अगदी क्षणावर. इकडे पडद्यावर सिंह आपटला की तिकडे टब वाजलाच. इतक्या वर्षांत काकांचा ठोका एकदाही चुकला नव्हता.

घरी मात्र हा वाघ शेळीहून गरीब. बल्ब बदलायला स्टुलावर बायको चढायची आणि काका खाली स्टूल धरून डोळे मिटायचे. लिफ्टचा दोर तुटेल म्हणून जिना, जिन्यावर पाय घसरेल म्हणून कठडा, आणि कठडा हलतोय म्हणून भिंत. कुकरची शिट्टी झाली की हातातला पेपर उडायचा. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," बायको म्हणायची, "आणि माझ्या नशिबी हा भित्रा!" म्हणायची, पण रस्ता ओलांडताना त्यांचा हात तीच धरायची.

स्टुडिओत त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची ती लोखंडी रॅकची. त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता तो, छतापर्यंत सामानाने भरलेला: पत्रे, घंटा, साखळ्या, फुटके पाइप, वजनाचे गोळे. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. "साहेब, हा एक दिवस माझ्या अंगावर येणार," काका डायरेक्टरला सांगत. डायरेक्टर म्हणे, "काका, परवा तुम्ही पंख्याबद्दलही हेच म्हणालात." खरंच म्हणाले होते. आता रोज घाबरणाऱ्या माणसाचं कोण मनावर घेणार?

दुसरी गोष्ट पडद्याची. काकांची खोली जाड दाराची, आतला आवाज बाहेर जाऊ नये अशी. मशीनच्या खोलीत डायरेक्टर आणि साउंडच्या बाई बसत. मध्ये काच होती. पण आपण टबावर उड्या मारताना कुणी बघतंय म्हटलं की काकांचे हातपाय गळायचे. म्हणून त्यांनीच हट्टाने काचेवर जाड पडदा लावून घेतला होता. तेव्हापासून तिकडच्यांना काका फक्त माइकमधून ऐकू यायचे.

त्या दिवशी फिल्मचा एक तुकडा गोल जोडून पुन्हा पुन्हा फिरवत होते. हत्ती फांदीवर झोपलेला, फांदी मोडते, हत्ती सिंहावर. सिंह चादरीसारखा सपाट. वर नारळांचा वर्षाव, सिंह भोकाड पसरतो. मग रात्र, निळा चंद्र, आणि सिंह ओठांवर बोट ठेवून पुन्हा दबक्या पावलांनी माकडाकडे निघतो. तिथे कसलाही आवाज नाही. "इथे टाचणीही पडता कामा नये," डायरेक्टरने बजावलं होतं. ते संपलं की पुन्हा हत्ती.

"हत्ती अजून जड पाहिजे, काका!" स्पीकरमधून डायरेक्टर ओरडला.

काकांनी रॅकच्या तळातला आणखी एक टब ओढला. टब अडकला होता. फांदी मोडायची वेळ आली, वेळ चुकवणं रक्तात नाही, म्हणून त्यांनी जोर लावून हिसका दिला. टब सुटला, पुठ्ठ्याची घडी सुटली, आणि रॅक आला.

सगळा आला. पत्रे, घंटा, साखळ्या, गोळे. काका पालथे आणि पाठीवर लोखंड. नेमका त्याच क्षणी पडद्यावर हत्ती पडला होता.

"मेलो! मेलो! वाचवा!"

स्पीकरमधून हास्याचा स्फोट झाला. "वा काका, वा! हत्ती असावा तर असा! बोलत राहा, छान चाललंय!"

काकांच्या पाचावर धारण बसली. उजवा हात तेवढा कोपरापासून मोकळा होता. हाताला पत्र्याचं एक झाकण लागलं, ते त्यांनी जिवाच्या आकांताने बडवलं. पडद्यावर तेव्हा नारळ पडत होते. "अगदी बरोबर!" डायरेक्टर खिदळला. मग काका रडायलाच लागले, लहान मुलासारखे हमसून हमसून. पडद्यावर सिंहही रडत होता.

"अहो, पोट दुखलं माझं," साउंडच्या बाई हसतहसत म्हणाल्या.

श्वास आता अर्धाच आत जात होता. काही हललं की वरचं लोखंड आणखी थोडं खाली बसायचं. मरणाची भीती काकांना आयुष्यभर वाटत आली होती, पण ती नेहमी उद्या यायची होती. आता ती पाठीवर बसली होती. आणि माणसं दहा पावलांवर हसत होती. त्यांचा जीव कासावीस झाला तो त्यानेच. आपण मरू, आणि ते चांगलं जमलं म्हणून फिल्ममध्ये घेतील.

"झालं बरं का," डायरेक्टर म्हणाला. "आणखी एक फेरा झाला की मशीन बंद करू आणि जेवून येऊ. काका, तुम्ही सावकाश आवरा."

म्हणजे एकच फेरा. मग ते जाणार, आणि जाड दारापलीकडे कुणाला काही ऐकू येणार नाही.

ओरडावं, तर ते चित्रात बसतं. बडवावं, तर बसतं. रडावं, तेही बसतं. पडापडीच्या त्या सगळ्या गोंधळात काकांचं दुःख चपखल बसत होतं. न बसणारी जागा एकच होती.

काकांनी तोंड मिटलं. घाबरलेल्या माणसाने गप्प राहणं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक. चित्राचा पडदा दिसत नव्हता, समोर फक्त भिंत होती आणि तिच्यावर चित्राचा उजेड हलत होता. पिवळा होता तोवर हत्ती, नारळ, रडणं. काकांनी ओठ चावून धरले. ओरडू नकोस, अजून नाही, अजून नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आणि भिंत निळी झाली.

सिंहाने ओठांवर बोट ठेवलं असणार. टाचणीही पडता कामा नये.

काकांनी झाकण हाणलं. ठण्ण! पुन्हा हाणलं. ठण्ण!

"काका! शांततेत काय वाजवताय?" डायरेक्टर वैतागला. "चांगला फेरा घालवलात!"

हसणं थांबलं होतं. मग बाईंचा आवाज आला, वेगळाच.

"साहेब, काका कधी चुकत नाहीत."

खुर्ची पडल्याचा आवाज आला, खराखुरा, आणि मग दार.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. काका बरे झाले, पुन्हा कामावरही गेले. रॅक भिंतीला ठोकला गेला आणि काचेवरचा पडदा काकांनी स्वतःच्या हाताने काढला. फिल्म मात्र तयार झाली ती त्याच आवाजासकट. डायरेक्टरने शरमेने मान खाली घालून विचारलं होतं, "काढू का तो?" काका नाही म्हणायला घाबरले, की हो म्हणायला, कोण जाणे. म्हणाले, "राहू दे. ठोका बरोबर पडलाय."

थिएटरात बायको शेजारी बसली होती. हत्ती पडला. "मेलो! वाचवा!" आणि अख्खं थिएटर हसून लोळलं. पोरं खुर्च्यांवर नाचली. काका हातपाय आखडून बसले होते. बायकोने ती हाक ओळखली. इतकी वर्षं पाल दिसली, वीज कडाडली की तिलाच तर यायची ती.

मग चंद्र उगवला. सिंहाने ओठांवर बोट ठेवलं आणि सगळं थिएटर गप्प झालं. भिंती निळ्या झाल्या. काकांना कळायच्या आत त्यांची बोटं खुर्चीच्या दांडीवर वाजली. टक. टक.

"शूऽऽ!" पुढच्या रांगेतून कुणीतरी दटावलं.

बायकोने त्या बोटांवर आपला हात ठेवला.

"ऐकलं हो मी," ती म्हणाली.