कोरडेपणाचे गुण

रक्तदाबाच्या गोळ्यांनी माझं तोंड कोरडं पडू लागलं, तेव्हा बायको मला लष्कर भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी लाळ मोजली नाही. त्रास किती होतो ते मोजायचंय म्हणाल्या आणि हिंदीत एकेक प्रश्न विचारू लागल्या. उत्तर ‘कभी नहीं’पासून ‘हमेशा’पर्यंत काहीही चालणार होतं.

सुका घास गिळायला त्रास होतो का? कभी नहीं. जेवताना सारखं पाणी लागतं का? कभी नहीं. बाई म्हणाल्या, गुण फारच कमी आहेत, विशेष काही नाही.

बायकोला ते सहन झालं नाही. “मॅडम, ये सूखा खाते ही नहीं हैं.” मग तिने सगळं सांगितलं. मी पोळी आमटीत कुस्करून खातो, बिस्किट चहात बुडवतो, यंदा संक्रांतीला तीळगुळाची कुरकुरीत गजकसुद्धा तोंडात घातली नाही.

“क्यों?” बाईंनी मला विचारलं.

“गले से उतरता नहीं.” यात विचारण्यासारखं काय होतं?

बाईंनी पेन खाली ठेवलं. अजून काय काय सोडलंत, म्हणाल्या.

शिट्टी, मी सांगितलं. दाना ओली नावाच्या गल्लीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लग्न झाल्यापासून मी गल्लीतून शिट्टी वाजवायचो आणि ही वरून किल्ली टाकायची. कोरड्या ओठांनी शिट्टी वाजत नाही, म्हणून आता फोन करतो.

“मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात,” बायको मराठीत म्हणाली.

ती काय म्हणाली, बाईंनी विचारलं.

“कुछ नहीं,” मी म्हणालो. “हमेशा लिख दीजिए.”