पिकअपचा माळा

देवजी नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हता, आणि बसलीच तर तिला मारायला तो हातोडा घेणार. पोशेऱ्याहून मोखाड्याच्या बाजाराला माणसं, भाताची पोती, कोंबड्या, जे मिळेल ते नेणारी त्याची जुनी पिकअप होती. पूर्वी रस्त्यातले धोंडे तिच्या पोटाला लागायचे. म्हणून त्याने जव्हारला नेऊन ती उंच करून घेतली. मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगचे जाड पाटे तिच्या पाट्यांत घातले, वर लोखंडी ठोकळे बसवले आणि सगळं लांब यू-बोल्टांनी आवळलं. घाटात नट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर वेल्डिंगचे टाके मारायला लावले. मिस्त्री म्हणाला, "उद्या खोलायचं झालं तर?" देवजी म्हणाला, "मी कशाला खोलतो?"

गाडी इतकी उंच झाली की लोक तिला माळाच म्हणू लागले. पुढे रस्ता डांबरी झाला, धोंडे गेले, माळा तसाच राहिला. बायका एका हाताने लुगडं आणि दुसऱ्या हाताने दार धरून कशाबशा चढायच्या.

अशीच एका बाजाराच्या दिवशी सरू चढत होती. सरू त्याची थोरली बहीण. लहानपणी तो तिच्याच कडेवर वाढला. तिचा पाय सटकला आणि मागून देवजीने तिला पोतं चढवावं तसं खांदा लावून आत ढकललं. गाडीभर लोक हसले. त्यात देवजीही हसला. सरू उठली, उतरली, आणि त्या दिवसापासून बाजाराला पायी जाऊ लागली.

दर आठवड्याला तो तिला वाटेत गाठायचा, गाडी हळू करायचा, हॉर्न वाजवायचा. ती मान वळवायची नाही. सख्खी बहीण उन्हात चालतेय आणि भावाच्या गाडीत पुढची जागा रिकामी, हे सारा तालुका बघत होता. देवजीचं डोकं फिरायचं. एकदा त्याने गाडी आडवीच घातली.

"बाय, बस ना."

"तुझा माळा उतरव पहिला," एवढं बोलून ती गाडीला वळसा घालून गेली.

मग देवजी इरेला पेटला. गाडी अंगणात घेतली, सागाचे ओंडके लावून टेकवली आणि खाली शिरला. शेजारचा ढवळू मदतीला आला, म्हणजे बसायला आला. नट हलेनात. घासलेट ओतलं, पान्याला पाइप लावून जोर केला. पाना निसटला आणि बोटांची सालं निघाली. डोळ्यांत गंज पडला. टाके मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर टाके मारायला कोणी लावलं ते देवजीला आठवलं, आणि तो आणखीच भडकला.

"नट उलटा फिरवतोस का काय?" ढवळूने विचारलं.

"तू घरी जा."

ढवळू गेला नाही. कोंडी, देवजीची बायको, चहा घेऊन आली. गाडीखालून बाहेर आलेल्या त्याच्या पायांकडे बघून म्हणाली, "बायच्या घरी जाऊन दोन शब्द बोलला असतास तर एवढं करावं लागलं नसतं."

"तू चहा ठेव," पाय म्हणाले.

छिन्नीने एकेक नट तोडण्यात दिवस गेला. मागचं सगळं निघालं तेव्हा मागची बाजू खाली बसली आणि पुढची आभाळाकडे बघू लागली. दुसरा दिवस पुढच्या बाजूने खाल्ला. शेवटी गाडी चारचौघींसारखी जमिनीवर आली. देवजीला उभं राहवत नव्हतं, पण मनात मात्र तो जिंकला होता.

बाजाराच्या दिवशी सरू रस्त्यात दिसली. त्याने गाडी थांबवली, उतरून दार उघडलं.

"बघ. उतरवला. आता तरी बसशील?"

सरूने टोपली खाली ठेवली. गाडी बघितली, त्याची फडकं बांधलेली बोटं बघितली.

"एवढं केलंस," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मना कुठं लागलं का, ते अजून विचारलं नायस."

देवजीने आठवून पाहिलं. खरंच विचारलं नव्हतं.

"लागलं होतं?"

"गुडघ्याला. पत्रा लागला. अजून वाकत नाय नीट."

म्हणजे ती इतके महिने त्याच पायाने मोखाड्याला चालत होती, आणि तो मागून हॉर्न वाजवत होता. देवजीला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"बाय, चुकलो मी," तो म्हणाला.

सरूने दार धरलं, चांगला पाय आधी आत टाकला, मग दुखरा पाय हाताने उचलून आत घेतला.

"टोपली दे," ती म्हणाली. "आणि हळू चालव."