फांदीवाले तात्या

उतार लागायच्या आधी तात्या सायकलवरून खाली उतरायचे, कमरेची कोयती काढून ऐनाची एक मनगटाएवढी फांदी तोडायचे आणि काथ्याच्या दोरीनं ती कॅरियरला मागे बांधायचे. मग अख्खा उतार ती पानांसकट फांदी त्यांच्या मागून खरडत यायची. तांबड्या मुरमाचा धुरळा उडायचा, खडी करकर वाजायची, आणि त्या धुरळ्याच्या पुढे, दोन्ही ब्रेक आवळून, ओठ घट्ट मिटून आमचे तात्या. मलकापूरच्या वरच्या जंगलातल्या वाड्यांत त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सरकारी कागदावर ते देवीची लस टोचणारे होते. लोकांत ते फांदीवाले.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि माझी नेमणूक कडवी नदीच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या शाळेत झाली होती. अख्ख्या शाळेला मी एकटा मास्तर. बायको कोल्हापुरात, आईजवळ. शनिवारी शाळा सुटली की सायकलवरून दहा-बारा मैल जंगल उतरायचं, नदी ओलांडायची, मलकापूरला सायकल ठेवून एस.टी. धरायची, असा माझा क्रम. तात्या त्यांच्या कामाला वाडीत आले की शाळेतच मुक्काम करत, आणि परत जाताना आमची जोडी जमे.

पहिल्यांदा ती फांदी बघितली तेव्हा मी हसलो. पेठेत वाढलेला मी, रंकाळ्याभोवती हात सोडून सायकल मारणारा! म्हटलं, तात्या, सायकलला ब्रेक आहेत की. तर शांतपणे म्हणाले, "ब्रेक आपल्यासाठी. फांदी गव्यासाठी. कोण आलंय ते त्याला आधी कळाय पायजे."

तात्यांना सगळ्याचीच भीती वाटायची, आणि ते ती उघड सांगायचे. हेच मला नवल होतं. आमच्याकडे माणूस साप चावून निळा पडला तरी 'काय न्हाय झालं' म्हणणार! तात्या मात्र करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवून सांगत, हितं मला भ्या वाटतंय, हितं अस्वल बसतंय. पुढच्या वळणाला म्हणत, हितं त्याहून जास्त वाटतंय. एकदा मी चिडून विचारलं, तुम्हाला लाज नाही का वाटत? ते म्हणाले, "लाज कसली मास्तर? भ्या वाटत न्हाय म्हणणारी दोघं मी ह्याच वाटंवरनं खांद्यावर आणल्यात." त्या वळणावर पुढच्या वेळी मीही आधी जाळीकडे बघून घेतलं.

जंगलात ते मोठ्यांदा बोलत जायचे. माझ्याशी नव्हे, झाडीशी. "पावणं, आम्ही आलोय. दोघं हाय. देवीच्या कामाला निघालोय." मला ते ऐकून अंगावर काटा यायचा, कारण बोलून झालं की ते थांबत, जणू झाडीतून कुणी 'या' म्हणणार आहे. उत्तर अर्थातच येत नसे. कधी एखादं वाळकं पान पडे, कधी दूरवर माकड खेकसे, आणि आम्ही दोघंही माना वर करून उभे राहत असू.

एका माघातल्या दुपारी मी त्यांना मागे टाकून, फांदीबिंदी न बांधता, पुढे निघालो. वळण घेतलं आणि वीस हातांवर गवा. रस्ताभर आडवा उभा. एवढं मोठं जनावर इतकं गप्प उभं राहतं हे मला माहीत नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि फुस्स करून श्वास सोडला. माझे पाय पेडलवर होते की जमिनीवर तेही कळेना. तेवढ्यात मागून फांदीचा आवाज आला. तात्या उतरले, पुढे येऊन माझ्या हँडलवर हात ठेवला आणि त्याच्याशी बोलू लागले. आवाज कापत होता हे मला ऐकू येत होतं, पण बोलणं थांबवलं नाही त्यांनी. किती वेळ गेला कोण जाणे. गवा वळला आणि कारवी मोडत खाली उतरून गेला. मी तिथंच रस्त्यावर बसलो. तात्यांनी मला गूळ आणि पाणी दिलं, आणि वाडीत ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही.

एवढं होऊनही मला त्यांचा वैताग यायचा, हे कबूल केलं पाहिजे. विशेषतः पावसाळ्यात. नदीवर पूल नव्हता. दगडी फरशी होती, बिनकठड्याची, आणि पाऊस लागला की तिच्यावरून पाणी जायचं. तात्या काठावर आले की एक मुठीएवढा दगड घेऊन पाण्याला अगदी लागून, चिखलात ठेवत. मग पाण्याकडे पाठ करून बसत आणि पान जमवत. पान सावकाश चघळून झालं की वळून बघायचं. दगड कोरडा असेल तर पाणी चढत नाही, चला. दगड भिजला असेल तर माघारी. असे माझे किती रविवार त्या एका दगडानं खाल्ले! मी वाडीत परत जाऊन, ओल्या शाळेत, बायकोचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसे. आमचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. ती पुन्हा गरोदर होती आणि पत्रात 'मी बरी आहे' याखेरीज काही लिहीत नव्हती.

भाद्रपदात तार आली. मलकापूरहून सकाळी एक माणूस ती घेऊन वर आला. अवघड आहे, ताबडतोब या, एवढंच. तात्या त्या दिवशी वाडीतच होते, शेजारच्या वस्तीवर देवीचा ताप आल्याचं ऐकून भर पावसात आले होते. त्यांनी तार वाचून घेतली आणि आपली पिशवी आवरली. आम्ही निघालो. उतारावर फांदी होतीच. मी मनातल्या मनात त्या फांदीला शिव्या घालत होतो.

फरशीवर गुडघ्याच्या खाली पाणी होतं. वर डोंगरात काळं झालं होतं. दुपारची गाडी मिळाली तर दिवेलागणीपर्यंत कोल्हापूर, नाहीतर दुसरा दिवस. तात्यांनी दगड ठेवला, पाठ केली आणि पान काढलं. मी दगडाकडे बघत उभा राहिलो. पाणी त्याच्या बुडाला लागलं. मग अर्ध्यावर आलं. मला ती दिसत होती, दार लावलेल्या खोलीत, आणि बाहेर आई. तात्या कातातून बोट काढत होते. मी वाकलो, दगड उचलला, सदऱ्याला पुसला आणि हातभर वर ठेवून दिला.

तात्या उठले. दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "चला."

सायकली खांद्यावर घेतल्या. तात्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहिले आणि मला खालच्या अंगाला घेऊन माझा दंड धरला. निम्म्यावर पाणी मांड्यांना लागलं. पायाखालची फरशी दिसेना, कानात नुसता पाण्याचा आवाज. मी देवाचं नाव घेत नव्हतो, तार, तार एवढंच म्हणत होतो. आणि वरून एक ओंडका आला. तात्यांनी तो आधी बघितला असणार, कारण त्यांनी मला पुढे ढकललं. ओंडका त्यांच्या गुडघ्यावर बसला. सायकल गेली, पिशवी गेली, ते फरशीच्या कडेला अडकले. मी माझी सायकल टाकली आणि त्यांना काखेत धरून ओढलं. कसं ओढलं ते आठवत नाही, त्यांचं ओरडणं तेवढं आठवतं.

पलीकडे माणसं धावली. तात्यांना खाटेवर घालून दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी त्यांच्याजवळ बसलो तर दात आवळून म्हणाले, "गाडी चुकंल मास्तर. जावा." आणि मी गेलो. मागे वळून बघायचंही धैर्य झालं नाही. दिवेलागणीला घरी पोचलो तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. माझ्या मुलीचा. दोघी वाचल्या होत्या.

तात्यांचा गुडघा पुन्हा वाकला नाही. सायकल सुटली. त्यांना कोल्हापुरात एका दवाखान्यात टेबलापाशी बसून टोचायचं काम दिलं. माझ्या मुलीला त्यांनीच देवी टोचली, तिनं भोकाड पसरलं तर स्वतःच डोळे पुसत बसले. मी वरचेवर त्यांना भेटायला जायचो. आज सांगायचं, असं ठरवून जायचो. चहा पिऊन परत यायचो. आठ वर्षं असा भीत राहिलो.

शेवटी ते कोडोलीला घरी गेले, अंथरुणाला खिळले, तेव्हा मी मुलीला घेऊन भेटायला गेलो. ती अंगणात खेळत होती. मी त्यांच्याजवळ बसलो आणि एका दमात म्हणून टाकलं, "तात्या, दगड मी हलवला होता."

"ठावं हाय की," तात्या म्हणाले. "चिखलात ठेवलेला दगड गवतावर बसलाता."

मग कशाला आलात, मी विचारलं.

"मी न्हाय म्हटलं असतं तर तुमी एकटं गेला असता." ते जरा दम खाऊन म्हणाले, "लई भ्यालो हुतो मास्तर. पर काठावर हुभं राहून तुमाला जाताना बघायचं, त्याचं जास्त भ्या वाटलं."

मी त्यांच्या ताठ पायावर डोकं ठेवून रडलो. अंगणातून मुलीचा आवाज आला तशी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि डोळे पुसायला सांगितलं. म्हणाले, पोरीला ह्यातलं काय सांगू नका, आपल्यापायी कुणाचा पाय गेला असं तिला वाटायला नको. महिन्याभरात ते गेले.

मुलीला आता मुलं झाली आहेत. मी तिला अजून सांगितलेलं नाही. तात्यांना शब्द दिलाय, असं मी मनाला सांगतो. खरं म्हणजे मी अजून भितो.