खुर्चीवरचा पाय

रिक्षावाले चाचा मीटिंगला आले की आधी पाय काढून ठेवायचे. गुडघ्याखालचा नकली डावा पाय, बुटासकट. सोलापूरच्या उन्हात तो आतून तापतो, ही तक्रार खरीच होती. पण काढलेला पाय ते जमिनीवर न ठेवता शेजारच्या खुर्चीवर ठेवायचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसा. कुणी तिथे बसायला गेलं की ओरडायचे, "उठो, आनेवाले की जगह है!"

येणारं कोण, हे त्यांनाही ठाऊक नसायचं. पाय गमावलेल्यांचे उपचार त्यांनाच सोबत घेऊन ठरवायचे, असं आमच्या रुग्णालयात संशोधन चाललं होतं. मी त्यातली फिजिओथेरपिस्ट. टेबलाभोवती आम्ही, डॉक्टर आणि काही रुग्ण. रुग्ण झाडून सगळे पुरुष. चाचा सारखे म्हणायचे, "जो नै आया, उसका बी बोलना बाकी है."

चाचा गरीब बिचारे वगैरे मुळीच नव्हते. शुगरने पाय गेला तेव्हा म्हणाले, "गया तो डावा गया, ब्रेकवाला सलामत है," आणि पुन्हा रिक्षा काढली. मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. चहा भरपूर साखरेचा ओढायचे आणि मी डोळे वटारले की म्हणायचे, "डॉक्टरबाई, बस आज के दिन." हा आजचा दिवस रोज उगवायचा.

एकदा आमचे मोठे सर म्हणाले, "चला, बाहेर चालण्याच्या सरावावर भर द्यायचा, हे पक्कं करून टाकू." चाचांनी खुर्चीवरच्या पायाकडे बोट दाखवलं. "बायका कुठायत?" सर मनाने चांगले. म्हणाले, अक्कलकोट रोडच्या शिवम्माचाही पाय गेलाय, तिला कितीदा निरोप धाडले, ती येतच नाही.

"निरोपावर कोण येतं साहेब? लग्नाचं बोलावणं करायला घरी जातो की!"

दुसऱ्याच दिवशी मला रिक्षात घालून चाचा एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत घेऊन गेले. शिवम्मा खाली बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. नकली पाय कुठे दिसेना. "मी येऊन काय करू? मला काय कळतंय त्यातलं?"

"मेरेकु तरी काय कळतंय? तरी बोलतोच की!"

ती हसली. मग हळूच मला म्हणाली, "पाय चांगला हाय बाई. पण खाली बसून काम करायचं तर काढावा लागतोय. काढलेला पाय लोकं बगत्यात. लई लाज वाटती." म्हणून पाय कपाटामागे होता आणि ही घरभर सरपटत होती.

उंबऱ्यात बसून चाचांनी आपला पाय काढला आणि साऱ्या गल्लीला दिसेल असा बाहेर ओट्यावर उभा केला. पोरं जमली, बायका डोकावल्या. चाचा निवांत चहा पीत होते, अर्थात साखरेचा. थोड्या वेळाने पोरं कंटाळून निघून गेली. "देखा? इतनाच देखते," ते शिवम्माला म्हणाले.

पुढच्या मीटिंगपासून ती येऊ लागली, चाचांच्याच रिक्षातून. धरून ठेवलेल्या खुर्चीवर ती बसली, तर चाचांनी पाय पुढच्या खुर्चीवर सरकवला! दिवसभर खाली बसून काम करणाऱ्या बाईचं काय, असं तिने विचारलं आणि सरांनी पक्कं करत आणलेलं सगळं पुन्हा चर्चेला आलं. आज आम्ही जे शिकवतो, त्यातलं निम्मं तिचं आहे. पाय मात्र तिने आमच्यासमोर कधी काढला नाही. घामाने बेजार व्हायची, तरी पदर सावरत तशीच बसायची. चाचांनीही तिला कधी काढ म्हटलं नाही.

मग चाचा गेले. शुगरनेच. मला त्यांचा भयंकर राग आला, त्या चहाचाही आला, आणि मी पोटभर रडले.

त्यानंतरच्या मीटिंगला शिपाई चाचांची खुर्ची उचलायला आला.

"थांब की," शिवम्मा म्हणाली. तिने वाकून पट्टा सोडला, पाय काढला आणि सगळ्यांदेखत त्या खुर्चीवर ठेवला.

"जागा धरलेली हाय. कुणीतरी यायचं हाय आजून."